चवथीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत

दादाच्या पोटात दुखू लागले ते चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या रात्री, आणि घरातल्या प्रत्येकाने त्याचे खापर नेवऱ्यांवर, म्हणजे करंज्यांवर फोडले. वहिनींनी ओवा दिला, शेजाऱ्यांनी सोडा दिला, आणि मी, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेला माणूस, सकाळपर्यंत थांबू या असे म्हणालो. दादा मात्र गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली, भिंतीला न टेकता, दोन्ही गुडघे छातीशी घेऊन पुढे वाकून बसला होता. उताणे निजले की दुखणे वाढते आणि वाकले की जरा सुसह्य होते, असे तो सांगत होता. बरगड्यांच्या कमानीखाली सुरू होऊन थेट पाठीत घुसणारी आणि वाकल्यावर थोडी उतरणारी ही कळ स्वादुपिंडाच्या, म्हणजे जठरामागच्या पाचक ग्रंथीच्या, दाहाची ओळखीची खूण आहे, हे मला दुसऱ्या दिवशी दुपारी कळले. तोवर पुतण्याने उत्तरपूजा आटोपली होती आणि दादा इस्पितळात सलाइनवर होता. त्या इस्पितळाचे नाव मी येथे मुद्दाम देत नाही. पुढे त्यांच्याविषयी एक तक्रारही सांगायची आहे, आणि माझा उद्देश कुणाला बदनाम करण्याचा नाही.

निदानाचा नियम मला आवडला, कारण तो गणितासारखा आहे. नेमक्या जागचे दुखणे, रक्तातील लायपेज किंवा अमायलेज ही पाचकद्रव्ये कमाल सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त असणे, आणि स्कॅनमध्ये दिसणारा दाह, या तिन्हींपैकी कोणत्याही दोन गोष्टी जुळल्या की तीव्र पॅन्क्रिएटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा दाह, ठरतो. दादाच्या बाबतीत पहिल्या दोनच पुरेशा होत्या.

त्यानंतरच्या चार दिवसांत आम्हाला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न होता, ‘किती घेतात?’ हा प्रश्न तपासणाऱ्या डॉक्टरांनी विचारावा हे योग्यच आहे, कारण पित्ताशयातले खडे आणि मद्य ही या आजाराची दोन प्रमुख कारणे आहेत. परंतु भेटायला येणारी माणसेही तोच प्रश्न डोळ्यांनी विचारून जात होती. गोव्यात पोटाच्या आजाराचे मूळ फेणीत शोधायची सवय इतकी मुरलेली आहे की केरीच्या कुळागरात, म्हणजे पोफळी-माडांच्या बागेत जन्म काढलेला, घरच्या देवाची पूजा करणारा आणि काजूचा नीरो, म्हणजे न आंबलेला ताजा रस, सोडला तर त्या झाडाचे दुसरे काहीही न प्यायलेला माणूस आपले म्हणणे कुणाला पटवू शकत नव्हता. शेवटी सोनोग्राफीने त्याची बाजू घेतली. पित्ताशयात बारीक खडे होते. मोठा खडा पित्ताशयातच पडून राहतो. बारीक खडा निसटतो आणि पित्तनलिका व स्वादुपिंडाची नलिका जेथे एकत्र येतात त्या अरुंद तोंडाशी अडकून दोन्हींचा रस्ता रोखतो, त्यामुळे उपद्रव होतो तो बारक्यांचाच. मग अन्न पचवण्यासाठी तयार होणारे पाचकरस ज्या पिंडात तयार झाले त्यालाच पचवू लागतात.

पाचव्या दिवसाच्या सीटी स्कॅनमध्ये पिंडाचा जवळजवळ तिसरा भाग रक्तपुरवठा तुटून मृत झालेला दिसला आणि त्याभोवती पाणी साचलेले दिसले. ‘पाणी आहे तर काढून टाका,’ असे मी लगेच म्हणालो. कुणीही हेच म्हणाले असते. जलोदराचे पाणी सुईने काढतात, फुप्फुसाभोवतीचे काढतात, मग हे का नाही, या प्रश्नाचे उत्तर मला पटायला पुढचे तीन आठवडे लागले, आणि हा लेख मी मुख्यतः त्या उत्तरासाठीच लिहीत आहे.

स्वादुपिंडाभोवती साचणाऱ्या द्रवाचे चार प्रकार मानले जातात. अटलांटा येथे १९९२ साली झालेल्या परिषदेत ठरलेले आणि २०१२ साली सुधारलेले हे वर्गीकरण दोनच प्रश्नांवर उभे आहे: साचलेल्या गोष्टीत मृत पेशींचा गाळ आहे की नाही, आणि आजार सुरू होऊन चार आठवडे झाले की नाहीत. गाळ नसलेले पाणी पहिल्या चार आठवड्यांत बहुतेक वेळा आपोआप जिरते. जिरले नाही तर त्याभोवती तंतुमय भिंत धरते, आणि त्याला स्यूडोसिस्ट म्हणतात. खऱ्या सिस्टला आतून पेशींचे अस्तर असते, याला नसते, म्हणून नावात तो ‘स्यूडो’ आहे. गाळ असलेल्या संचयाभोवतीही साधारण चार आठवड्यांत तशीच भिंत तयार होते, आणि त्याला वॉल्ड-ऑफ नेक्रोसिस असे लांबलचक नाव आहे. दादाचा प्रकार हा शेवटचा होता.

भिंत तयार होण्यापूर्वी छेद दिला तर साचलेले द्रव्य आखीव पोकळीतून बाहेर येण्याऐवजी पोटात पसरते, जिवंत आणि मृत भाग अजून वेगळे झालेले नसल्याने काय काढायचे हे कळत नाही, आणि रक्तस्राव होतो. शल्यचिकित्सकांनी हे फार महागात शिकलेले आहे. ‘पण जंतुसंसर्ग झाला तर?’ असे मी विचारले तेव्हा तेथल्या तरुण डॉक्टरांनी नेदरलँड्समधील एका चाचणीची माहिती दिली, आणि मी ती घरी येऊन पडताळून पाहिली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत संसर्ग झालेले १०४ रुग्ण होते. अर्ध्या गटाला चोवीस तासांच्या आत निचऱ्याची नळी घातली गेली आणि दुसऱ्या गटाला प्रतिजैविके देऊन भिंत तयार होईपर्यंत थांबवले गेले. लवकर निचरा केलेल्यांना त्याचा अधिक फायदा झाला नाही. उलट, थांबवलेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना शेवटपर्यंत नळीची गरजच पडली नाही. मला आकडेवारी समजते असा माझा समज आहे, तरी हा आकडा मी दोनदा वाचला.

दादाला हे सगळे सांगायला गेलो तर त्याने मध्येच थांबवले. नाकातून आतड्यापर्यंत गेलेल्या नळीमुळे त्याला बोलायला त्रास होत होता, तरी तो म्हणाला, ‘ओल्या बांधाला मोरी पाडत नाहीत, एवढेच ना?’ कुळागरात पाटाचे पाणी फिरवणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवायला नको होते. नवा घातलेला मातीचा बांध दबून, सुकून घट्ट होण्याआधी त्यात पाण्याला वाट करून दिली तर पाणी वाटेने जात नाही, बांधच घेऊन जाते.

त्या नाकातल्या नळीविषयीही एक वाक्य लिहिले पाहिजे, कारण पाहुण्यांना तीच सर्वांत भयंकर वाटत असे. पूर्वी या आजारात पिंडाला विश्रांती म्हणून रुग्णाला आठवडेच्या आठवडे उपाशी ठेवून शिरेतून पोषण देत असत. आता तोंडाने जात नसेल तर नळीने, पण आतड्यातूनच अन्न देतात, कारण उपाशी आतड्याचे अस्तर कमजोर होते आणि त्यातले जंतू बाहेर पडून त्या मृत गाळापर्यंत पोहोचण्याची भीती वाढते. अठराव्या दिवशी दादा त्या नळीसह घरी आला. वहिनींनी पेज गाळून नळीतून देण्याचा बेत केला होता, तो आहारतज्ज्ञांनी मोडून काढला आणि मोजून पाण्यात कालवायची पावडर हाती दिली. पेज नाही, हे दादाला पॅन्क्रिएटायटिसपेक्षा जास्त लागले असावे.

दसऱ्याच्या दोन दिवस आधी ताप आला. त्याआधीपासून दोन चमचे पाणी पोटात गेले तरी पोट भरल्यासारखे होऊन उलटी होत होती. स्कॅनमध्ये जठराच्या मागे बारा सेंटिमीटरचा संचय दिसला आणि त्याभोवती सलग, स्पष्ट भिंत. सहा सेंटिमीटरपेक्षा मोठा आणि सहा आठवड्यांपेक्षा जुना असेल तर काढायचा, असा एक जुना ठोकताळा होता. आता केवळ आकार पाहून कुणी हात घालत नाही. संसर्ग, जठराचा किंवा पित्ताचा अडलेला रस्ता, न थांबणारे दुखणे, असे काही असेल तरच निचरा करतात. दादाकडे त्यातल्या दोन गोष्टी होत्या, आणि सदतिसावा दिवस उजाडला होता. बांध सुकला होता.

पोकळी जठराला खेटून असेल तर जठरात दार पाडून ती रिकामी करता येते, ही कल्पना जुनी आहे. पोट उघडून असे दार शिवण्याची शस्त्रक्रिया १९३१ सालापासून होत आली आहे. १९९२ साली, म्हणजे अटलांटाची परिषद झाली त्याच वर्षी, एंडोस्कोपच्या, म्हणजे तोंडातून आत घालायच्या दुर्बिणीच्या, टोकावरील सोनोग्राफीच्या मदतीने केलेला पहिला निचरा जर्मनीतील डॉक्टरांनी प्रसिद्ध केला. साध्या एंडोस्कोपीत जठराची भिंत कोठे फुगली आहे एवढेच दिसते, तिच्या मागे काय आहे ते दिसत नाही. सोनोग्राफी असलेल्या दुर्बिणीतून भिंतीपलीकडची पोकळी, तिच्यातला गाळ, मधले अंतर आणि वाटेत येणाऱ्या रक्तवाहिन्या दिसतात. हे अंतर साधारण एक सेंटिमीटरच्या आत हवे. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ९८ रुग्णांच्या आणखी एका डच चाचणीत दुर्बिणीचा मार्ग आणि शस्त्रक्रियेचा मार्ग यांची तुलना झाली. मृत्यू आणि मोठी गुंतागुंत यांत दोन्ही सारखेच ठरले, मात्र बाहेर सतत पाचकरस झिरपत राहणारी वाट, म्हणजे फिस्टुला, दुर्बिणीच्या गटात ५ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ३२ टक्के होती. आम्ही सही केली ती या आकड्यांकडे पाहून.

पाडलेले दार उघडे राहावे म्हणून त्यात जी नळी बसवतात तिला स्टेंट म्हणतात. या शब्दाचा अर्थ मी शब्दकोशात शोधला आणि फसलो. तो मुळात अर्थ नसलेला शब्द आहे, एकोणिसाव्या शतकातील लंडनचे दंतवैद्य चार्ल्स स्टेंट यांचे ते आडनाव आहे. दातांचे साचे घेण्यासाठी त्यांनी तयार केलेल्या लगद्याच्या नावावरून तो शब्द फिरत फिरत हृदयाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत आणि तेथून दादाच्या जठरापर्यंत पोहोचला. आपल्याकडे स्टेंट म्हटले की लोकांना हृदयच आठवते. दादाला स्टेंट घातला हे ऐकून म्हापशाच्या मावशींनी त्याला तळलेले मासे बंद करायला सांगितले होते, ते त्याने आधीच कधी खाल्ले नव्हते.

येथे वापरले जाणारे स्टेंट दोन तऱ्हांचे असतात. एक म्हणजे प्लास्टिकची बारीक नळी, जिची दोन्ही टोके डुकराच्या शेपटीसारखी वळलेली असतात, म्हणजे ती दोन्ही बाजूंनी अडकून राहते. जाडी सात किंवा दहा फ्रेंच. तीन फ्रेंच म्हणजे एक मिलिमीटर, तेव्हा दहा फ्रेंचची नळी सव्वातीन मिलिमीटरच्या जरा वर भरते. दुसरा धातूच्या जाळीचा, आवरण घातलेला, लांबीने आखूड आणि दोन्ही बाजूंना पसरट तोंडे असलेला, हुबेहूब डमरूसारखा. त्याची दोन तोंडे जठराची भिंत आणि पोकळीची भिंत यांना एकमेकींशी आवळून धरतात, म्हणून मधून गळती होत नाही. दादासाठी निवडलेल्याचा गळा पंधरा मिलिमीटरचा होता. क्षेत्रफळ काढले तर त्या एका गळ्यात दहा फ्रेंचच्या वीस नळ्या सामावतात. किमतीतही अर्थातच कित्येक पटींचा फरक असतो. केवळ पाणी असेल तर प्लास्टिकच्या दोन नळ्या पुरतात, असे डॉक्टरांनी प्रांजळपणे सांगितले. दादाच्या पोकळीत गाळ होता, आणि गरज पडली तर त्याच दारातून दुर्बीण आत न्यायची होती.

प्रत्यक्ष कामाला अर्धा तास लागला. पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी घातली होती, कारण पोकळी फुटताच लिटरभर घाण द्रव एकदम जठरात उसळतो आणि जागा रुग्ण तो श्वासात ओढू शकतो. स्टेंट ज्या नळीत दुमडून ठेवलेला असतो तिच्या टोकालाच विजेने कापण्याची सोय होती. ते टोक भिंतीतून पार गेले, पोकळीच्या आत पहिले तोंड उघडले, हलकेच मागे ओढून भिंतीला टेकवले, आणि मग जठराच्या बाजूचे दुसरे तोंड उघडले. नंतर आम्हाला दाखवलेल्या चित्रफितीत त्या जाळीच्या गोल तोंडातून तांबूस करडे, चहाच्या गाळासारखे पाणी धो धो येताना दिसते. ते आतड्यातून पुढे निघून जाते, बाहेर पिशवी लागत नाही.

ताप दोन दिवसांत उतरला, मात्र पुन्हा चढला. मग दोनदा दुर्बीण त्या स्टेंटमधून पोकळीत नेऊन मृत तुकडे फासात धरून ओढून जठरात टाकले. पहिल्या खेपेला दीड तास गेला. तुकडे नारळाच्या ओल्या, कुजलेल्या सोडणासारखे दिसत होते, आणि पोकळीच्या कडेने एक रक्तवाहिनी धडधडत होती. डॉक्टर तिच्या बाजूचा गाळ मुद्दाम सोडून देत होते. या काळात आम्ल कमी करणारी गोळी बंद ठेवली होती, कारण जठरातले आम्ल त्या दारातून आत जाऊन गाळ विरघळवायला मदत करते. पन्नासाव्या दिवशी दादा घरी आला, नळीशिवाय, तोंडाने पेज पिऊन.

आता तक्रार. डिस्चार्जच्या कागदावर नऊ औषधे होती, त्यांच्या वेळा होत्या, आणि खाली ‘सहा आठवड्यांनी सर्जरी ओपीडीत दाखवणे’ असे छापले होते. पोटात धातूचा स्टेंट आहे आणि तो काढायचा आहे, हे त्या कागदावर कोठेही नव्हते. ते एंडोस्कोपी विभागाच्या एका चिठ्ठीवर लिहिलेले होते, आणि ती चिठ्ठी सीटीच्या मोठ्या पाकिटात फिल्मच्या मागे चिकटून राहिली होती. मला ती दिवाळीच्या आदल्या दिवशी, पाकीट कपाटावर ठेवताना सापडली. तिच्यावर हाताने लिहिले होते, ‘स्टेंट ३ ते ४ आठवड्यांत काढणे’. सहा आठवड्यांची वाट आम्ही निमूटपणे पाहिली असती.

हा फरक कारकुनी नाही. पोकळी रिकामी होते तशी आक्रसते, आणि तिची मागची भिंत पुढे येऊन स्टेंटच्या आतल्या तोंडाला टेकते. प्लास्टिकची नळी अशा वेळी लवून बाजूला होते. धातूचे तोंड जागचे हलत नाही, आणि त्याच्या घर्षणाने मागच्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, किंवा जठराचे अस्तर स्टेंटवर वाढून तो भिंतीत गाडला जातो. अमेरिकेतील एका चाचणीत मध्येच असे रक्तस्राव दिसू लागले, तेव्हा तिच्या डॉक्टरांनी २०१७ साली ते जाहीर करून आपली पद्धतच बदलली: तिसऱ्या आठवड्यात स्कॅन आणि पोकळी मिटलेली असेल तर लगेच स्टेंट बाहेर. ६० रुग्णांची ती चाचणी २०१९ साली पूर्ण प्रसिद्ध झाली, तेव्हा धातू आणि प्लास्टिक यांत लागणाऱ्या प्रक्रियांच्या संख्येचा फारसा फरक निघाला नाही. मला वाटते, महागड्या स्टेंटविषयी घरच्यांना जी अवाजवी भक्ती वाटते ती कमी करायला एवढे पुरेसे आहे. घालण्याचा दिवस आम्हा सगळ्यांच्या लक्षात होता, पेढे त्याच दिवशी वाटले गेले. काढण्याच्या दिवसाची आठवण ठेवणे हे मात्र कुणाचेच काम नव्हते.

मी फोन केला. पहिल्याने दुसऱ्याकडे दिला, दुसऱ्याने नोंदवही पाहतो म्हणून सांगितले, आणि तिसऱ्या दिवशी त्या तरुण डॉक्टरांनी स्वतः फोन करून तारीख दिली. ती तुळशीच्या लग्नाची निघाली, स्टेंट घालून एकोणतीस दिवस. वहिनी म्हणाल्या, ‘वृंदावनाला पुतण्या चुना लावील, तुम्ही ह्यांना घेऊन जा.’ स्कॅनमध्ये पोकळी तीन सेंटिमीटरवर आली होती. स्टेंट काढायला दहा मिनिटेही लागली नाहीत. परिचारिकेने तो बाटलीत घालून दाखवला. एकेकाळची चंदेरी जाळी पित्ताने हिरवट झाली होती, आणि एका तोंडाच्या तारांत वालाच्या दाण्याएवढा काळा गाळ अडकला होता. दादाने तो बराच वेळ हातात धरून पाहिला आणि परत दिला.

काम तेथे संपले नाही. एमआरआयमध्ये पिंडाचा मधला भाग नष्ट होऊन शेपटीकडचा तुकडा मुख्य नलिकेपासून तुटल्याचे दिसले होते. तो तुकडा जिवंत आहे, रस तयार करतो, पण त्या रसाला आतड्याकडे जायचा रस्ता नाही, त्यामुळे पाणी पुन्हा साचू शकते. म्हणून धातूचा स्टेंट काढताना त्याच वाटेत प्लास्टिकच्या दोन नळ्या ठेवल्या. याची गरज असते का, याबद्दल एकमत नाही. हैदराबादच्या डॉक्टरांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या १०४ रुग्णांच्या चाचणीत नळ्या ठेवलेल्या आणि न ठेवलेल्या गटांत, तीन महिन्यांनी पाहिले तेव्हा, पाणी पुन्हा साचण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. मी हे डॉक्टरांपुढे ठेवले. त्यांनी ती चाचणी वाचलेली होती. दादाचा तुटलेला तुकडा मोठा आहे म्हणून आपण ठेवतो, असे त्यांनी सांगितले, आणि मी पुढे वाद घातला नाही.

जानेवारीत पित्ताशय काढले, खड्यांसकट. दादा जेवणाबरोबर एन्झाइमची कॅप्सूल घेतो आणि दर तीन महिन्यांनी साखर तपासतो, कारण पिंडाचा एवढा भाग गेल्यावर मधुमेहाची शक्यता राहतेच. पोफळीवर चढणे त्याने गड्यावर सोपवले आहे, पाटाचे पाणी मात्र स्वतः फिरवतो.

त्या नळ्यांसाठी मी पोस्टकार्डाच्या आकाराचा एक कागद तयार केला. वर नाव आणि रक्तगट, खाली ‘जठर व स्वादुपिंडामागील पोकळी यांच्यामध्ये प्लास्टिकच्या दोन नळ्या आहेत’, त्याखाली बसवल्याची तारीख, आणि शेवटी पुढच्या स्कॅनची तारीख, जी मी पेन्सिलीने लिहितो म्हणजे खोडता येते. फोंड्याच्या एका झेरॉक्सवाल्याकडून तो लॅमिनेट करून आणायला निघालो, तर वहिनींनी थांबवले. लॅमिनेट केल्यावर पेन्सिल कशी खोडणार, असे त्यांनी विचारले. कागद सध्या दादाच्या पंचांगात आहे, कार्तिकाच्या पानाला टाचून.